मदत हवी आहे: साहसकथांची, अद्भुतकथांची चित्रं बघायची कशी?

नमस्कार मंडळी,

आमच्या इथे (न्यू जर्सी) एका घराच्या आवराआवरीच्या सेलमध्ये चित्रांच्या पुस्तकांचं खोकंच मिळालं. चाचे, जादूगार, झाडांना फुटलेले हात, रानटी योद्धे, सगळं आहे. चित्रकार म्हणजे हॉवर्ड पाइल, एन. सी. वायथ, आर्थर रॅकहॅम आणि एक जाडजूड फ्रँक फ्रॅझेटा. पहिल्या रात्री हावरटासारखी चाळली आणि नंतर नंतर सगळी चित्रं सारखीच दिसायला लागली. दर पानाला 'वा!' म्हटलं की त्या 'वा!'ला काही किंमत राहत नाही.

पुढच्या महिन्यात बाबा येतायत. सांगलीकडे चित्रकलेचे शिक्षक होते, एलिमेंटरी-इंटरमीजिएटला पोरं बसवण्यात आयुष्य गेलं. त्यांच्या मते पुस्तकातलं चित्र म्हणजे 'ऑर्डरचा माल'. उलट लेक सातवीत, दिवसभर टॅबवर ड्रॅगन काढते आणि तिला जुनी चित्रं 'ब्राउन ब्राउन' वाटतात. दोघांना घेऊन मूळ चित्रं बघायला जायचा बेत आहे.

आत्तापर्यंत कळलंय ते असं. पाइल डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनचा. १९०० साली त्याने तिथे स्वतःची शाळा काढली, फी घेत नसे. वायथ १९०२ मध्ये, विसाव्या वर्षी तिथे दाखल झाला. १९११ मध्ये पाइल वारला आणि त्याच साली वायथच्या चित्रांसह 'ट्रेझर आयलंड' (स्टीव्हन्सनची चाच्यांची कादंबरी) आलं. डोक्याला रुमाल, कमरेला शेला, कानात बाळी हा चाच्यांचा अवतारही बराचसा पाइलच्या कल्पनेतला, सिनेमावाल्यांनी तो पुढे उचलला. ही माहिती झाली. पण चित्रासमोर उभं राहून करायचं काय? बाबांना कुठलं चित्र आधी दाखवू? आणि रॅकहॅमची चित्रं एवढी फिकट का? पुस्तक जुनं म्हणून की मुळातच तशी?

---

प्रतिसाद:
रॅकहॅमचं आधी सांगतो, छपाईत आयुष्य गेलंय. जुनी म्हणून फिकी पडलेली नाहीत, मुळातच तशी आहेत. तेव्हा तीन रंगांची छपाई नवीन होती आणि रंगावर रंग तंतोतंत बसेलच याचा भरवसा नसे. रॅकहॅम आधी काळ्या शाईने सगळं रेखाटायचा आणि त्यावर जलरंगाचे पातळ थर चढवायचा. रंग जरा सरकला तरी रेषा चित्र धरून ठेवते. शिवाय या छपाईला गुळगुळीत कागद लागायचा, म्हणून रंगीत पानं वेगळी छापून चिकटवत आणि वर तलम कागद घालत. तुमच्या प्रतीत असा कागद असेल तर काढून फेकू नका. भिंग घेऊन एखाद्या झाडाची मुळं बघा. कुठे मूळ संपतं आणि कुठे बोटं सुरू होतात ते सापडत नाही. माझ्या लेखी तीच त्याची जादू, पऱ्याबिऱ्या नंतर.

---

प्रतिसाद:
ताई, मी एकच प्रश्न विचारत बघते: गोष्टीतला नेमका हाच क्षण चित्रकाराने का उचलला?

'ट्रेझर आयलंड'चा पोरगेला नायक जिम घर सोडतो, ते वायथचं चित्र काढा. जिम गाठोडं घेऊन आपल्याच दिशेने चालत येतोय आणि मागे घरापाशी आई एप्रनमध्ये तोंड लपवून रडतेय. आता कादंबरी उघडा. निरोप एका वाक्यात उरकलाय. आईच्या रडण्याचा तिथे उल्लेखही नाही. रडतो तो जिम, तेही आदल्या दिवशी, आपल्या जागी कामाला ठेवलेला पोरगा बघून. म्हणजे लेखकाने जे झटकन मागे टाकलं, तिथे चित्रकार थांबला. जिमला मागचं दिसत नाही, आपल्याला दिसतं. ऑर्डर प्रकाशकाची असेल, पण हे कुणी सांगून काढलेलं नाही. बाबांना हेच आधी दाखवा.

आणि मापाचं लक्षात ठेवा. हे कॅनव्हास जवळजवळ चार फूट उंच, तैलरंगातले. छापताना पार लहान होणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून अंधाराचे आणि उजेडाचे मोठमोठे तुकडे ठेवलेत. आंधळ्या प्यूचं (त्याच कादंबरीतला आंधळा चाचा) चित्र डोळे अर्धवट मिटून बघा. चांदण्यात चाचपडणारी ती आकृती तरीही अंगावर येते. लेकीला हाच प्रयोग तिच्या ड्रॅगनवर करायला सांगा, 'ब्राउन'बद्दलची तक्रार कमी होईल.

---

प्रतिसाद:
बाबांना एक सांगा. 'ऑर्डरचा माल' ही टोचणी खुद्द वायथलाही आयुष्यभर होती. आपल्याला नुसता पुस्तकांचा चित्रकार म्हणून नव्हे, 'पेंटर' म्हणून ओळखावं असं त्याला वाटे, म्हणून निसर्गचित्रंही काढत राहिला. पुढे पेंटर म्हणून नाव झालं ते मुलाचं, अँड्र्यू वायथचं. माझं स्पष्ट मत: बापाची चाच्यांची चित्रं त्याच्या निसर्गचित्रांपेक्षा कितीतरी जिवंत आहेत. (इथे भांडायला लोक येतीलच.)

फ्रॅझेटा मात्र या रांगेत बसवू नका. तो ब्रुकलिनचा, १९६६ पासून कोनान या रानटी योद्ध्याच्या कथांच्या पेपरबॅकची मुखपृष्ठं करून गाजला. ही चित्रं स्टँडवरून गिऱ्हाईक ओढण्यासाठी होती. कथा सांगायचा त्यांना सोस नाही, एका फटक्यात माणूस थांबला पाहिजे. आपल्याकडे रघुवीर मुळगावकरांनी रहस्यकथांची मुखपृष्ठं केली, त्यांचंही काम तेच. बाबांनी ती नक्की पाहिली असणार. दोन्ही शेजारी ठेवून बोलतं करा त्यांना. फ्रॅझेटाच्या चित्रात आकृत्यांचा त्रिकोण बघा, आणि कडेला रंग कसे नुसते फासून सोडलेत तेही. पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर गडी डाव्या हाताने चितारायला शिकला.

---

धागाकर्ती:
खूप खूप आभार! निरोपाचं वाक्य कादंबरीत शोधलं, खरंच एका ओळीत आहे. आता जाण्याचं सांगा. एकाच दिवशी विल्मिंग्टन आणि चॅड्स फोर्ड (वायथचं गाव) दोन्ही होईल का? बाबांचे गुडघे दुखतात.

---

प्रतिसाद:
होईल. दोन्हींत गाडीने अर्ध्या तासाचंही अंतर नाही. आधी विल्मिंग्टनचं डेलावेअर आर्ट म्युझियम करा. पाइल गेल्यावर त्याची चित्रं गावातच राहावीत म्हणून १९१२ मध्ये लोकांनी जी संस्था काढली, तिचंच हे रूप. तिथे पाइलचं 'मरून्ड' (निर्जन किनाऱ्यावर सोडून दिलेला) मांडलेलं असेल तर बाबांना त्याच्यासमोरच्या बाकावर बसवा. चाचा एकटा, गुडघ्यात मान घालून, आणि बाकी सगळी नुसती वाळू आणि पिवळं आभाळ. ना तलवार, ना जहाज. जेवून चॅड्स फोर्डच्या ब्रँडीवाइन म्युझियमला जा. जुन्या पिठाच्या गिरणीची इमारत आहे, वायथ घराण्याच्या तीन पिढ्या तिथे भेटतील. वायथचं घर आणि स्टुडिओही दाखवतात, पण ठरावीक हंगामातच, तेव्हा वेबसाइटवर वार बघून निघा. कुठली चित्रं सध्या भिंतीवर आहेत तेही फोन करून विचारा, सगळी एका वेळी लावलेली नसतात.

लेकीला वही आणि पेन्सिल द्या. पेन बहुतेक ठिकाणी दालनात चालत नाही.