नोकरी सोडून फक्त कथा-कादंबरी लिहायची, तर दिवस नेमका कसा जातो?

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, वय ३६, सहकारी बँकेत कर्ज विभागात. बरीच वर्षं कथा लिहितोय. काही दिवाळी अंकांत आल्या, एक संग्रह निघाला. बायको शिक्षिका आहे, घराचा हप्ता फिटलाय. वर्षअखेरीला राजीनामा द्यावा असं दोघांच्याही मनात आहे. 'मराठीत लिहून पोट भरतं का' यावर खूप ऐकून झालंय, ते नको. जे खरंच फक्त यावर आहेत त्यांचा साधा मंगळवार कसा असतो ते सांगा. किती वाजता बसता, दुपारी काय करता, पैसे कुठून आणि कधी येतात?

खडूफळा
हरिभाऊ आपटे आनंदाश्रमाचे व्यवस्थापक होते, व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत, जी. ए. कुलकर्णी धारवाडला प्राध्यापक. नोकरी सांभाळून इतकं लिहिलं गेलंय. बिनपगारी रजा मिळत असेल तर आधी सहा महिने तशी घ्या, असं मनापासून वाटतं.

कृष्णाकाठची
दादा, मी मिरजेत असते. विमा कार्यालयात होते, मुलीची दहावी झाली त्या वर्षी नोकरी सोडली. तेव्हापासून कथा, कादंबरी आणि श्राव्य मालिका, एवढंच. मंगळवार विचारलात तर मंगळवारच सांगते.

साडेपाचला टेबलाशी बसते. फोन स्वयंपाकघरात, चार्जिंगला. आदल्या दिवशीचं लिखाण मोठ्याने वाचते, तेही उभं राहून, कारण बसून वाचलं की डोळे पुढे पळतात आणि लंगडी वाक्यं सुटून जातात. मग हाताने लिहायचं, फुलस्केपवर, एक ओळ सोडून एक. साडेनऊपर्यंत. हात चालला तर सात-आठशे शब्द होतात, नाहीतर एखादाच परिच्छेद. शब्द कमी झाले म्हणून मी वेळ वाढवत नाही. दहानंतर ओढूनताणून लिहिलेलं बहुतेक दुसऱ्या दिवशी कापावं लागतं.

तुम्हाला वाटेल, चारच तास? हो, नवं लिहायचे चारच. आणि ते राखायला बाकीचा अख्खा दिवस लागतो. बाई घरी आहे म्हटल्यावर शेजारचं कुरियर, पाण्याचा टँकर, सासूबाईंची डॉक्टरांची वेळ, भिशी, सगळं माझ्याकडे येतं. यातलं काही वाईट नाही, फक्त ते दहानंतर. नोकरी सोडताना मी घरात पहिल्यांदा हे बोलून घेतलं, पैशाचं त्यानंतर. तुम्हीही वहिनींशी आणि आईवडिलांशी हेच आधी बोला. बँकेत जाणाऱ्या माणसाला सकाळी आठ वाजता कोणी गॅस सिलिंडर घ्यायला थांबवत नाही. घरी लिहिणाऱ्याला थांबवतात.

दुपारी टंकन. हाताने लिहिलेलं टंकताना आपोआप दुसरा खर्डा होतो, म्हणून ते बाहेर देत नाही. मग मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं. अजूनही बऱ्याच ठिकाणी मजकूर युनिकोडमधून छपाईच्या जुन्या फाँटमध्ये नेतात, तेव्हा पहिली वेलांटी सरकते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात. 'मुद्रितं आम्ही बघतो, तुम्ही निश्चिंत राहा' असं कोणी म्हणालं तरी निश्चिंत राहू नका. मागून घ्या.

आता जो भाग मला स्वतःला सगळ्यात मोलाचा वाटतो तो. नोकरीत असताना रविवारी जेवढं दिसेल तेवढ्यावर लिहीत होते. आता कामाच्या दिवशी माणसं कामात असताना बघायला जाता येतं. सध्याच्या कादंबरीत तासगावकडचा एक बेदाणा उत्पादक आहे. उन्हाळ्यात, हंगाम चालू असताना, ओळखीच्यांच्या शेडवर जाऊन राहिले. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात आणि शेडमध्ये एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरतात. साधारण पंधरवड्यात माल वाळतो. मधे ढग आले की घरातलं कोणीही धड जेवत नाही, कारण ओल लागली तर रंग जातो आणि रंग गेला की दर जातो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण त्या दिवसांत तिथली बाई बोलताना मान वर करून आभाळाकडे बघते आणि वाक्य अर्धंच सोडते, हे तिथे बसल्याशिवाय कळलं नसतं.

मग सौद्याला, म्हणजे बेदाण्याच्या लिलावाला गेले. खोकी उघडतात, व्यापारी मूठभर माल घेऊन बघतात, बराचसा हातातून खाली पडतो. माझ्या खर्ड्यात तो शेतकरी दर ऐकताना मनात हप्ते मोजत होता. ते खोटं नव्हतं, पण कोणीही घरबसल्या लिहिलं असतं. तिथून आल्यावर तो परिच्छेद काढला. आता दर पुकारला जातो तेव्हा त्याची नजर खाली आहे, व्यापाऱ्याच्या बुटाखाली त्याचाच बेदाणा चिरडतोय, आणि दर काय लागला हे त्याला शेजाऱ्याला विचारावं लागतं. हप्त्यांचा शब्दही उरला नाही. या पाच-सहा ओळींसाठी आठवडा गेला. नोकरी सोडून मला काय मिळालं म्हणून कोणी विचारलं तर मी हा आठवडा दाखवीन.

संध्याकाळी वाचन, रात्री साडेनऊला दिवा बंद.

पैशाचं थोडक्यात. आपलं वर्ष दिवाळी अंकांवर फिरतं. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला काढला, तेव्हापासून मराठी कथेचा हंगाम तोच. संपादकांचे फोन एप्रिल-मेमध्ये येतात, कथा जुलैपर्यंत द्यायची, अंक ऑक्टोबरच्या सुमारास, मानधन कोणी अंकासोबत देतं, कोणी गुढीपाडव्यापर्यंत. म्हणजे मे महिन्यात केलेल्या कामाचे पैसे पुढच्या मार्चमध्येही येऊ शकतात. तेवढी गंगाजळी आधी बाजूला हवी. मी मोजक्याच कथा कबूल करते, कारण जूनमध्ये घाईने लिहिलेली कथा पुढे संग्रहात घ्यावीशी वाटत नाही.

पुस्तकाचा हिशोब तुम्ही बँकवाले, लगेच कराल. ३०० रुपये किंमत, हजाराची आवृत्ती, १० टक्के मानधन धरलं तर सगळी आवृत्ती संपल्यावर ३०,००० रुपये. ती संपायला दोन-तीन वर्षं सहज जातात. म्हणून घर चालतं ते श्राव्य मालिकांवर. तिथे भाग मंजूर होईल तसे टप्प्याटप्प्याने पैसे मिळतात. कान मात्र वेगळा लागतो. ऐकणारा भाजी चिरत असतो, मागचं पान उलटून बघू शकत नाही, त्यामुळे कोण बोलतंय हे पहिल्या दोन-तीन शब्दांत कळायला हवं. ते काम मी दुपारी करते. सकाळ कादंबरीची.

एपिसोडबँक
ताईंनी सकाळ राखण्याचं लिहिलं, ते आमच्या टीव्हीच्या दैनंदिन मालिकांत शक्य होत नाही, म्हणून पर्याय म्हणून बघत असाल तर सांगतो. कथा, पटकथा, संवाद ही तीन माणसांची कामं असतात. मी संवाद लिहितो. भागावर पैसे, ते बरे आणि नियमित. पण कलाकार आजारी पडला की त्याचे सीन रात्रीत दुसऱ्यावर फिरवावे लागतात, आणि सेटवर सकाळी सातला पानं हवी असतात. तीन वर्षांत माझी स्वतःची एकही कथा पूर्ण झालेली नाही. संवाद लिहिणं मला मनापासून आवडतं, तरी ही किंमत मोठी आहे.

कोरा_कागद
ताई, बेदाण्याचं दोनदा वाचलं, बायकोलाही वाचून दाखवलं. खडूफळा, रजेचं विचारतो. दोन शंका. करारात नेमकं काय बघायचं? माझ्या संग्रहाच्या करारात 'सर्व हक्क' असं लिहिलंय, तेव्हा आनंदाच्या भरात सही केली. आणि कराचं काय?

कृष्णाकाठची
करात, जुन्या पद्धतीने विवरण भरलं तर पुस्तकाच्या मानधनावर लेखकाला ३ लाखांपर्यंत वजावट मिळते. त्यासाठी प्रकाशकाकडून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, ते मार्च संपताच मागा. नव्या पद्धतीत ही वजावट नाही, तेव्हा दोन्हीकडून आकडे मांडून बघा.

करार जास्त महत्त्वाचा. १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने बरंच काही सांगतो. हक्क लेखी सहीशिवाय हस्तांतरित होत नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही तर तो त्या वर्षानंतर परत येतो, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. म्हणून 'सर्व हक्क' या शब्दांपुढे काय आहे ते बघा. छापील पुस्तक, ई-बुक, श्राव्य, अनुवाद, चित्रपट-मालिका हे सगळे वेगवेगळे हक्क आहेत, आणि छापणाऱ्याला छापण्यापुरता दिला तरी पुरतं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हे हक्क वारसांचे असतात, म्हणजे तुम्ही आज सही करता ती मुलाबाळांच्या वतीनेही.

मुदत आणि वर्षभराच्या कलमाबद्दल तुमच्या करारात काय लिहिलंय ते शोधा. नावं, आकडे झाकून तेवढी दोन कलमं इथे टाका, वाचून सांगते. गुंता वाटला तर कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाला एकदा फी देऊन दाखवू.