दोघांपुरता स्वयंपाक आणि रोज उरणारं वाटीभर अन्न, तुम्ही कसं जमवता?

निवांतचूल
घरात आम्ही दोघंच, दोघंही नोकरीवाले. रोज बाहेरचं खाणं परवडत नाही आणि सोसतही नाही, त्यामुळे स्वयंपाक घरीच. पण बाजारात काहीच दोघांच्या मापाचं मिळत नाही हो. कोबीचा गड्डा आणला की आठवडाभर कोबीच पुरतो, ब्रेडचं अर्धं पाकीट तसंच राहतं, आणि केलेली भाजी कितीही मोजून केली तरी वाटीभर उरतेच, म्हणजे धड एकाच्या जेवणाला पुरत नाही आणि टाकवतही नाही. मग ती डब्यात जाते, डबा फ्रीजमध्ये मागे जातो आणि पुढच्या आठवड्यात कचऱ्यात. फार जिवावर येतं ते. नवऱ्याचं म्हणणं असं की रात्री खाल्लं तेच सकाळी परत ताटात नको, आणि खरं सांगायचं तर मलाही नको वाटतं. तर उरलेलं नुसतं गरम करून न खाता तुम्ही त्याचं काय करता? आणि काय किती दिवस ठेवलेलं चालतं? विशेषतः भात, त्याबद्दल प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

पातेलं_धुवायचंय
आमच्याकडेही दोघंच आहोत, मुलं शिकायला बाहेर गेल्यापासून. मला विचाराल तर पदार्थ उरवू नका, जिन्नस उरवा. म्हणजे असं बघा, काबुली चणे शिजवायचे तर पाव किलो एकदमच भिजवायचे (शिजून दुपटीहून जास्त होतात) आणि नुसतं मीठ घालून शिजवायचे, बाकी काही नाही. त्यातले निम्मे आज कांदा-टोमॅटोत, उरलेले पाण्यासकट डब्यात. दुसऱ्या दिवशी त्यातलेच थोडे निथळून काकडी, कांदा, लिंबू घालून गार खायचे, आणि शेवटचे मूठभर कुस्करून सूपमध्ये टाकायचे म्हणजे सूप दाट होतं आणि पोटही भरतं. एकदा शिजवले पण तीन जेवणांत तीन वेगळ्या गोष्टी झाल्या, कुणाला शिळं खाल्ल्यासारखं वाटत नाही. सगळ्यात मसाला आधीच पडला असता तर तीनही वेळा तेच खावं लागलं असतं. उकडलेले बटाटे, उकडलेली अंडी, नुसती भाजलेली भोपळ्याची फोड, सगळ्याला हेच लागू. चव द्यायची ती ताटात वाढायच्या आधी.

कोबी अर्धा कापून ठेवता ना? तसं करू नका, गड्ड्याची बाहेरून हवी तेवढी पानं सोलून घ्या. कापलेली बाजूच राहत नाही त्यामुळे ती काळी पडत नाही, गड्डा कितीतरी जास्त टिकतो, आणि घाई नसली की रोज कोबी खावा लागत नाही.

आता ती वाटीभर भाजी. माझ्याकडे ती बहुतेक वेळा अंड्यात जाते. पण एक करा, आधी भाजी एकटीच पसरट तव्यावर मोठ्या आचेवर परता, पाणी पार आटू दे, कडा जरा तांबूस व्हायला लागल्या की मग वरून फेटलेली अंडी ओता. भाजी गार आणि ओली असताना अंड्यात कालवली तर ऑम्लेटला पाणी सुटतं आणि ते मधोमध तुटतं. अंड्यात मीठ घालू नका, भाजीत असतंच. आणि भाजी रसाची असेल तर एक उकडलेला बटाटा घालून मिक्सरमधून काढा आणि पाणी घालून उकळा, छान सूप होतं, वरून मिरपूड.

थर्मामीटर
भाताबद्दल लिहितो कारण तिथे लोक गरज नसलेल्या गोष्टीला घाबरतात आणि खरी काळजी घ्यायची राहून जाते. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते भात शिजताना मरत नाहीत. भात ओट्यावर कोमट राहिला की त्यातून जंतू वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणजे "नीट उकळून घेतलाय, काही होत नाही" हे भाताला लागू नाही. करायचं एवढंच की जेवण झालं की उरलेला भात ताटात पसरवायचा, वाफ गेली की उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये, तासाभराच्या आत. खोल पातेल्यात झाकून ठेवला तर मधला भाग कितीतरी वेळ कोमटच राहतो. आणि फ्रीजमधला भात दुसऱ्या दिवशी संपवायचा.

बाकी शिजवलेल्या गोष्टींना ब्रिटनमध्ये दोन दिवस सांगतात, अमेरिकेत तीन ते चार, मी तीनवर थांबतो. फ्रीज ५ अंशांच्या खाली हवा. गरम करताना मधोमध ७५ अंश, म्हणजे सगळीकडून वाफा यायला पाहिजेत, नुसतं कोमट करून खाऊ नका. आणि एकदाच गरम करायचं, त्यामुळे अख्खा डबा गरम न करता लागेल तेवढंच काढून घ्या.

परतलेला भात करायचा असेल तर फ्रीजमधलाच चांगला होतो. गार झाल्यावर स्टार्च घट्ट होतो म्हणून शितं सुटी राहतात, ताजा भात परतला तर लगदा होतो. ब्रेडमध्येही हेच घडतं पण तिथे आपल्याला ते नको असतं. फ्रीजच्या गारव्यात ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. तो थेट फ्रीझरमध्ये टाका, स्लाइस सुटे करून, आणि लागेल तसा एकेक काढून तसाच टोस्ट करा.

मापात_पाप_नाही
वरचं सगळं पटलं पण माझं थोडं वेगळं मत आहे. मुद्दाम जास्त करून ठेवायचं हे कडधान्याला ठीक आहे, तिथे भिजवण्या-शिजवण्याचा वेळ आणि गॅस खरंच वाचतो. पण भात, पालेभाजी, मासे यांना नाही. हे त्या वेळेपुरतंच करावं आणि त्यासाठी अंदाज सोडून वजनकाटा वापरावा. दोघांना कोरडा तांदूळ १५० ग्रॅम पुरतो, शिजून वजन अडीच ते तीन पट होतं. आमच्याकडे काटा आल्यापासून भात उरणंच बंद झालं. मोठ्या पातेल्यात थोडं केलं की डोळ्यांना कमी वाटतं आणि हात आपोआप मूठभर जास्त टाकतो, म्हणून भांडीही लहान घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या अहवालात होतं की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हॉटेलं नाहीत, दुकानं नाहीत, घरं! माणशी वर्षाला ७९ किलो. ते वाचल्यापासून एक मूठ जास्त टाकतानाही माझा हात थांबतो.

निवांतचूल
किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, थँक्यू. भात ओट्यावर ठेवणं आजपासून बंद आणि काटाही घेतेच. चण्यांसारखंच राजम्याचंही करता येईल का? आणि आमचा फ्रीझर म्हणजे वरचा एक छोटा कप्पा, त्यात डबे मावत नाहीत, काय ठेवावं आणि काय नको?

पातेलं_धुवायचंय
राजमा चालेल की, फक्त रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळायचा, अर्धाकच्चा राजमा पोटाला फार त्रास देतो. मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात थेट टाकू नका, तिथे तेवढी उष्णता मिळत नाही.

छोट्या कप्प्यात डबे ठेवूच नका. झिपच्या पिशवीत दोघांच्या एका वेळेपुरतं भरा, हवा काढा आणि आडवी ठेवून हाताने सपाट करा, बोटभर जाडीची. गोठली की वह्यांसारख्या उभ्या लावता येतात आणि वितळतातही पटकन. पिशवीवर तारीख आणि नाव आधीच लिहा, भरल्यावर ओल्या पिशवीवर पेन चालत नाही. शिजवलेली कडधान्यं, परतलेला कांदा-टोमॅटो, सूप, किसलेलं चीज हे सगळं मस्त राहतं. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी मात्र भुसभुशीत होतात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो, काकडीचं तर पाणीच होतं.

अजून एक, फ्रीजमध्ये डोळ्यांसमोरचा कप्पा उरलेल्यासाठी राखून ठेवा आणि डबे काचेचे किंवा आरपार दिसणारे घ्या. संध्याकाळी काय करायचं हे ठरवायच्या आधी तो कप्पा बघायचा, मग भाजी चिरायची. दोघांनीही! एकट्या बाईने लक्षात ठेवायची गोष्ट नाही ही.

निवांतचूल
हो ते शेवटचं वाक्य घरात वाचून दाखवलंय 😀 आणि फ्रीझरमधून काढलेलं वितळल्यावर थोडं उरलं तर परत गोठवायचं का?

थर्मामीटर
तसंच परत गोठवू नका. रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळायला ठेवा, ओट्यावर नाही, आणि वितळल्यापासून एका दिवसात संपवा. म्हणूनच वर म्हटलंय तसं एका वेळेपुरत्याच पिशव्या भरा. कच्चा जिन्नस असेल, समजा चिकन, तर तो वितळवून नीट शिजवला की शिजवलेला पदार्थ एकदा गोठवता येतो.