बहिणीचं वजन कमी करायचं ऑपरेशन आत्ता करावं का थांबावं? (एप्रिल २०२१)

ऐरोलीची_ताई:
नमस्कार मंडळी, माझी मोठी बहीण ठाण्यात वर्तकनगरला असते, वय ४६, वजन ११२ किलो, शुगर आहे, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन) लावते. स्लीव्हचं ऑपरेशन (जठराचा बराचसा भाग कापून ते लहान करतात ते) गेल्या वर्षी मार्चमध्ये ठरलेलं ते लॉकडाऊनमुळे राहिलं. आता हॉस्पिटलवाले म्हणतायत ह्याच महिन्यात करा, पॅकेज कमी करून देतो, आमच्याकडे कोविड पेशंट घेत नाही. भावजी म्हणतात जाड माणसालाच कोरोना धरतो, तर वजन लवकर उतरलेलं बरं. इकडे बेडसाठी लोकांची पळापळ बघतोय आणि जीव टांगणीला लागलाय. कोणी ह्या काळात केलंय का?

घोडबंदर७७:
ताई, आमच्या ह्यांचं जानेवारीत झालं, तेव्हा केसेस उतरलेल्या. ऑपरेशन छान झालं पण घरी आल्यावर ताप आला, नाडी १२० आणि धाप लागायला लागली. आतला जठराचा टाका लीक झाला तरी हेच होतं आणि कोरोनातही हेच, आम्हाला काही कळेना. तेव्हा लगेच घेतलं, सीटी केला, लीक नव्हता, देवाची कृपा. आत्ता तसा ताप घेऊन कॅज्युअल्टीत गेलात तर आधी कोविडच्या रांगेत बसवतील, आणि लीक असेल तर तेवढा वेळ नसतो हो. म्हणून मी तरी आत्ता नको म्हणेन.

ओटी_सिस्टर_वाशी:
भावजींचं अर्धं बरोबर आहे. लठ्ठपणात कोरोना झाला तर जड जातो हे खरं, पण स्लीव्हनंतर वजन उतरायला महिने लागतात, सुरुवातीला तर पेशंट नुसत्या लिक्विडवर असतो, अशक्त असतो, त्यामुळे ह्या लाटेत त्याचा उपयोग नाही. मागच्या मे महिन्यात लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या मासिकात २४ देशांतल्या ११२८ पेशंटचा अभ्यास आलेला, ऑपरेशनच्या आगेमागे कोरोना झालेल्यांपैकी जवळपास २४ टक्के महिन्याभरात गेले. त्यात बहुतेक इमर्जन्सी ऑपरेशनं होती, त्यामुळे तो आकडा तुमच्या बहिणीला तसाच लावू नका, पण ज्या ऑपरेशनची तारीख आपल्या हातात आहे त्यात ही जोखीम कशाला? रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी कोरोना शरीरात मुरत असू शकतो. पॅकेजचं तर मनातून काढूनच टाका, त्याऐवजी विचारा की रात्री दोनला त्रास झाला तर आयसीयू बेड आणि ऑक्सिजन नक्की आहे का. ४५ च्या वर आहेत तर लस आधी घ्या. आणि मध्येच कोरोना झाला तर रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्यापासून निदान ७ आठवडे ऑपरेशन नको, हे मागच्याच महिन्यात मोठ्या अभ्यासातून आलंय.

नेरुळकर_दादा:
थांबा म्हणणं सोपं आहे, पण माझा भाऊ मागच्या वर्षी थांबला तो नुसता घरात बसून राहिला, शुगर वाढली, पायाची जखम चिघळली. थांबायचं तर सर्जनकडून फोनवर फॉलोअप ठरवून घ्या, डाएटिशियन चालू ठेवा, सीपॅप एक रात्रही सोडू देऊ नका. शुगर हाताबाहेर जायला लागली तर परत सर्जनशी बोला, मग हिशोब बदलतो.

ऐरोलीची_ताई:
सगळ्यांचे खूप आभार. भावजींना वाचून दाखवलं, सिस्टरांचा रात्री दोनचा प्रश्न त्यांनी हॉस्पिटलला विचारला तर धड उत्तर नाही आलं. पुढे ढकलतोय. पण डिपॉझिट भरलंय, ते परत मिळतं का?

घोडबंदर७७:
फोनवर नका बोलू, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पावती जपून ठेवा.