ऑटोकॅडचं सबस्क्रिप्शन संपतंय, रिन्यू करावं का? मदत हवी आहे

मुदत संपायला पाच आठवडे आहेत. काम सगळं २डी: प्लॅन, सेक्शन, डिटेल. दोनेक हजार डीडब्ल्यूजी (ड्रॉइंगच्या) फायली, काही डायनॅमिक ब्लॉक (ओढून आकार बदलता येणारी तयार चिन्हं), सहा लिस्प (नेहमीची कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम), एक सीटीबी (प्रिंटमधल्या रेषांची जाडी-रंग ठरवणारी फाईल). दोन सल्लागारांशी ड्रॉइंगची देवाणघेवाण चालू असते. आहे तेच रिन्यू करावं, एलटी (ऑटोकॅडची कमी सुविधांची आवृत्ती) घ्यावं की कायमचा परवाना मिळतो म्हणून ब्रिक्सकॅड या दुसऱ्या कंपनीच्या कॅडकडे वळावं? रिन्यू केलं नाही तर जुन्या फायलींचं काय?

प्रतिसाद १
फायलींची काळजी नको. मुदत संपली की प्रोग्राम उघडत नाही, पण डिस्कवरची डीडब्ल्यूजी जागेवरच राहते. मोफत मिळणाऱ्या डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यूमध्ये ती पाहता येते, प्रिंट काढता येते, जुन्या फॉरमॅटमध्येही बदलता येते. फक्त ड्रॉइंगमध्ये बदल करता येत नाही.

नव्या आवृत्तीच्या मोहाने रिन्यू करू नका. एखादी फाईल नोटपॅडमध्ये उघडून पहिली सहा अक्षरं बघा. 'एसी१०३२' दिसलं तर तो २०१८चा फॉरमॅट, आणि २०२५च्या ऑटोकॅडपर्यंत तोच चालत आलाय.

खरा प्रश्न लिस्पचा आहे. २०२४पासून एलटीत लिस्प चालतं, पण एक्स्प्रेस टूल्स (जादा आदेशांचा संच) नाहीत. म्हणजे त्यातला 'बर्स्ट' हा आदेश वापरणारं लिस्प तिथेच अडेल. एक्सेल उघडून त्यात आकडे भरणारंही चालणार नाही, कारण बाहेरचा प्रोग्राम चालवणारी फंक्शन्स एलटीत नाहीत. सहाही लिस्प नोटपॅडमध्ये उघडून हे दोन मुद्दे आधी शोधा.

धागाकर्ता
एक लिस्प क्षेत्रफळाचा तक्ता एक्सेलमध्ये पाठवतं, रोज लागतं. एक सल्लागार सिव्हिल ३डी (रस्ते, जमिनीच्या कामांसाठीचं कॅड) वापरतो.

प्रतिसाद २
मग माझ्या मते एलटी बाद. ते लिस्प सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी मजकूर-फाईल) लिहील असं बदलून घेतलंत तरच एलटीचा विचार करा. बदल फार मोठा नसतो.

सिव्हिल ३डीच्या फायलीत अलाइनमेंट (रस्त्याची आखणी), सरफेस (जमिनीचा पृष्ठभाग) या साध्या रेषा नसतात. दुसऱ्या कॅडमध्ये त्या प्रॉक्सी म्हणून येतात: दिसतात, पण हात लावता येत नाही, आणि पाठवणाऱ्याने प्रॉक्सीग्राफिक्स ही सेटिंग ० ठेवली असेल तर नुसती चौकट दिसते. रिन्यू करा वा न करा, त्यांच्याकडून 'एक्स्पोर्ट टू ऑटोकॅड' केलेली प्रत मागा.

ब्रिक्सकॅडची चाचणी आवृत्ती ३० दिवस चालते, म्हणजे तुमच्या पाच आठवड्यांत बसते. पण सोप्या फायलींवर चाचणी घेऊन उपयोग नाही. सगळ्यात किचकट २० फायलींच्या प्रती घ्या, त्याच सीटीबीने दोन्हीकडून पीडीएफ काढा आणि एकावर एक ठेवून पाहा. फरक बहुधा अक्षरांत सापडतो. ऑटोकॅडचा एसएचएक्स फॉन्ट मिळाला नाही की बदली फॉन्ट लागतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि दरवाजे-खिडक्यांच्या तक्त्यातला मजकूर चौकटीबाहेर जातो. दोष कॅडचा नसतो, फॉन्ट फोल्डरचा मार्ग द्यायचा राहिलेला असतो. डायनॅमिक ब्लॉक तिकडे सेव्ह करून परत ऑटोकॅडमध्ये उघडा आणि ग्रिप (ब्लॉकवरचे ओढायचे ठिपके) ओढून पाहा. हे मुदत संपायच्या आत करा, नंतर ताडून पाहायला ऑटोकॅड नसेल.

प्रतिसाद ३
महिन्यातून दोन-चार दिवसच ऑटोकॅड लागणार असेल तर फ्लेक्स टोकनही (वापरलेल्या दिवसांपुरतेच पैसे देण्याची सोय) बघा. हिशेब २४ तासांचा असतो, त्यामुळे दहा मिनिटांसाठी उघडलं तरी पूर्ण दिवसाची टोकन जातात. वर्षभरात न वापरलेली बाद होतात.

सोडायचं ठरलं तर चालू कामांवर 'ईट्रान्समिट' हा आदेश चालवा; एक्सरेफ (ड्रॉइंगला जोडलेली इतर ड्रॉइंग), सीटीबी आणि पर्याय निवडला तर फॉन्टही एकाच झिपमध्ये येतात. पीजीपी (आदेशांची लघुरूपं), सीयूआयएक्स (मेनू-टूलबारची मांडणी), डीडब्ल्यूटी (टेम्पलेट) आणि लिस्प वेगळे कॉपी करा, ते त्यात येत नाहीत. क्लाउडवरच्या फायली उतरवून घ्या.

ऑटो-रिन्यू मात्र आजच बंद करा. मुदत संपेपर्यंत ऑटोकॅड चालूच राहतं, आणि मन बदललं तर त्याआधी पुन्हा चालू करता येतं.