दहा जणांची मोमो पार्टी: मैदा किती, सारण किती, क्रम कसा लावू?

पांझराकाठ:
पुढच्या रविवारी घरी दहा जण आहोत, त्यात चार मुलं सातवी-आठवीतली. आयते मोमो वाढायचे नाहीत, सगळ्यांनी बसून लाटायचे-भरायचे असा बेत आहे. दोन बर्नरची शेगडी, दोन चाळण्यांचं मोठं मोदकपात्र आणि एक इडलीपात्र आहे. दोघं जैन आहेत, त्यांना कांदा, लसूण, गाजर चालत नाही. मैदा किती मळू? सारण आदल्या रात्री करून ठेवलं तर? आणि मैद्याऐवजी दादरचं (दादर ज्वारीचं) पीठ चालेल का, असं सासूबाई विचारतायत.

खापरवाली:
दादरचं विसरा ताई. ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे पीठ ताणून धरणारा चिकटा, नसतं. भाकरी थापता येते ती गरम पाणी आणि हाताच्या दाबावर. त्याच पिठाची पातळ पारी करून चुण्या घालायला गेलात की ती तिथेच मोडते. सासूबाईंना मैदा नकोच असेल तर निम्मी गव्हाची कणीक घाला. पाणी थोडं जास्त लागेल, रंग जरा मळकट येईल, पण चुण्या धरतात.

माणशी दहा धरले तर शंभर मोमो. एका पारीला 12 ग्रॅमची गोळी. म्हणजे 800 ग्रॅम मैदा, 400 मिली साधं पाणी आणि चहाचा एक चमचा मीठ. तेल नको, सोडा तर नकोच. पाणी सगळं एकदम ओतू नका, शेवटचं अर्धी वाटी हाताशी ठेवा. पीठ घट्ट हवं. पुरणाच्या मांड्यासाठी कणीक सैल तिंबायची सवय असेल तर इथे हात आवरा; सैल पीठ वाफेत ढिलं पडतं, तळ चाळणीला चिकटतो आणि उचलताना फाटतो. दहा मिनिटं मळा, झाकून अर्धा तास ठेवा. न मुरवता लाटलंत तर पारी लाटताक्षणी आकसते.

पारी 8 ते 9 सेंटिमीटरची, मध्ये जाड, कडेला पातळ. कडा जाड राहिली तर चुण्या एकत्र येतात तिथे गाठ होते आणि ती कच्ची लागते.

आणि पंखा बंद! आपल्याकडची हवा हिवाळ्यातही कोरडी असते. उघड्या पारीवर दहा मिनिटांत पापुद्रा धरतो, मग कडा चिकटत नाही, वाफेत तोंड उघडतं. गोळ्या, पाऱ्या आणि भरलेले मोमो, तिन्ही पिळलेल्या ओल्या फडक्याखाली ठेवा.

कोबीवाला_भो:
सारण रात्री कालवू नका. कोबी-गाजर चिरून, किसून कोरडं फ्रीजमध्ये ठेवा, मीठ दुपारीच. मीठ पाणी ओढत राहतं. सोया सॉसमध्येही मीठ असतंच. रात्रभरात सारणाचं कालवण होईल.

जैनांचे वीस सोडून ऐंशी मोमोंना सव्वा किलोच्या आत सारण लागतं, एकाला 14 ग्रॅम. एक किलो कोबी बारीक चिरा, दोन चमचे मीठ चोळा, वीस मिनिटांनी पातळ फडक्यात घालून दोघांनी दोन बाजूंनी पिळा. हातात कोबी नुसता ओलसर लागला पाहिजे, थेंब पडता कामा नये. त्यात 150 ग्रॅम गाजर, 200 ग्रॅम पनीर, एक लहान जुडी कांद्याची पात, आलं, लसूण, मिरेपूड, तीन मोठे चमचे तेल. आधी मीठ लागलेलंच आहे, चाखल्याशिवाय पुन्हा घालू नका. पिळलेलं पाणी वरणात टाका, फक्त वरणात मीठ कमी करा.

जैन वीस नगांना: 150 ग्रॅम पनीर, वाटीभर उकडून ठेचलेला मका, एक सिमला मिरची, मिरेपूड. आल्याऐवजी चिमूटभर सुंठ.

जंक्शनवाला:
सारण भरायला वेळ लागत नाही, घोडं अडतं ते लाटण्यात आणि वाफेत. सराईत माणूस मिनिटाला दोन पाऱ्या लाटतो. म्हणून शेजारून दोन पोळपाट मागून घ्या, लाटणारे तिघे मोठे बसवा आणि मुलांना भरायला द्या. मुलांना चुण्यांचा हट्ट नको. करंजीसारखं अर्धगोल दाबून दोन्ही टोकं जोडली की बंद. सारण लहान चमच्याने मोजून द्या, नाहीतर मुलं दुप्पट भरतात आणि पोट फुटतं.

मोदकपात्रात दोन चाळण्यांत मिळून वीस-बावीस बसतील, एकमेकांना टेकवू नका. चाळणीला तेल लावा किंवा कोबीची पानं अंथरा. पाणी खळखळल्यावरच चाळणी ठेवायची, मग 10 मिनिटं. थंड पाण्यावर ठेवलेत तर खालची पारी भिजून लगदा होते. झाकणाला आतून फडकं बांधा, टोकं वर गाठून घ्या, म्हणजे थेंब मोमोंवर पडत नाहीत. झाकण मोठ्यांनीच उघडायचं, आणि ते स्वतःच्या विरुद्ध बाजूला कलवून. चार घाण्यांत काम होतं, म्हणून पहिला घाणा भरून होताच चढवा. सगळे भरून होईस्तोवर थांबलात तर आधीचे ताटाला चिकटतील.

इडलीपात्र जैन मंडळींसाठीच ठेवा, एका खळग्यात एक मोमो नीट बसतो. त्यांचा पोळपाटही वेगळा. एक विचारून घ्या: ती सूर्यास्ताआधी जेवत असतील तर डिसेंबरात साडेपाचच्या आत ताट वाढावं लागेल, म्हणजे साडेतीनला लाटायला बसा आणि इडलीपात्र सगळ्यात आधी चढवा.

पांझराकाठ:
सगळ्यांचे आभार. आता घरातून नवी फर्माईश: थोडे मोमो भरताचे!

खापरवाली:
होतात, पण ताटातलं भरीत तसंच भरू नका. भरताची हिरवी वांगी भाजून, सोलून चाळणीत वीस मिनिटं निथळू द्या, मग ठेचून कढईत कोरडी परता, गोळा कढई सोडेपर्यंत. मिरची ठेचून, पात बारीक, शेंगदाणे भरड कुटलेले. अख्खा दाणा पारीतून बाहेर येतो. तेल नेहमीच्या भरताच्या पावपट. कडेला तेल लागलं की ती काही केल्या चिकटत नाही, पाण्याचं बोट फिरवूनसुद्धा. जैनांना मात्र हे देऊ नका, बरेचजण वांगंही खात नाहीत.