मदत हवी आहे : मिसेस रॅमझे आणि लिली

व्हर्जिनिया वुल्फच्या 'टू द लाइटहाउस' (1927) वर पुढच्या आठवड्यात वर्गात बोलायचंय आणि मी एका जागी अडकले आहे. मिसेस रॅमझे म्हणजे पारंपरिक बाई आणि त्यांच्याकडे पाहुणी आलेली चित्रकार लिली ब्रिस्को म्हणजे आधुनिक, ही गाइडातली विभागणी मला पटतच नाही.

मिसेस रॅमझे दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलासाठी मोजा विणते, आठ मुलं, रुसका नवरा, सगळ्यांना सांभाळते. शिवाय दिसेल त्याचं लग्न जुळवते! पण पॉल आणि मिंटा या तरुण पाहुण्यांचं तिने जुळवलेलं लग्न पुढे धड टिकत नाही, म्हणजे लेखिका तिला देव्हाऱ्यातही बसवत नाही. तिचा मृत्यू तर कंसातल्या एका वाक्यात उरकलाय.

लिलीचंही तसंच. बायकांना चित्रं काढता येत नाहीत, लिहिता येत नाही, हे टान्सली या दुसऱ्या पाहुण्याचं बोलणं तिच्या डोक्यातून जात नाही. तरी जेवणाच्या टेबलावर त्याच्याशी गोड बोलून वेळ निभावून नेतेच, तेही मिसेस रॅमझेच्या नजरेखातर. त्याच टेबलावर चित्रातलं झाड मध्ये सरकवायचं लक्षात राहावं म्हणून ती मिठाची कुपी हलवून ठेवते. हा प्रसंग मला फार आवडतो.

मग दहा वर्षांनी लिली रडते ती मिसेस रॅमझेसाठीच, आणि त्यानंतरच चित्र पुरं होतं. हा विरोध म्हणायचा की वारसा? ज्यांनी ही कादंबरी शिकवली आहे त्यांनी सांगा, लिली चित्राच्या मधोमध शेवटी ओढते ती रेघ तुम्ही कशी वाचता? मराठीत यावर काही चांगलं वाचलं असेल तर तेही सुचवा.