सोसायटी ग्रुप: डिस्क सरकलीय, ऑपरेशनच का?

ए-२०३: मंडळी, कंबरेतून उजव्या पायात करंट मारल्यासारखी कळ जातेय, शिंकलं तरी जीव जातो. एमआरआयमध्ये एल५-एस१ डिस्क, म्हणजे कंबरेच्या तळाच्या मणक्यांमधली गादी, सरकून नस दाबली गेलीय असं आलंय. ऑपरेशनच करावं लागतं का यात? कुणाला अनुभव?

सी-५०१: महिनाभर आडवे पडून रहा, हलूच नका. आमच्या धाकट्या दिरांनी तेच केलेलं.

बी-३०२: काकू सॉरी पण हे नका सांगू 🙏 मी दहा दिवस पलंगावर काढले आणि उठलो तेव्हा कंबर लाकडासारखी झालेली. एक-दोन दिवस आराम ठीक, मग झेपेल तेवढं घरातल्या घरात चालायचंच. माझी एल४-एल५, म्हणजे तुमच्या वरची, होती. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही हो, ६ ते १२ आठवड्यांत बऱ्याच जणांना फरक पडतो आणि बाहेर आलेला भाग कितीतरी वेळा शरीरच हळूहळू जिरवून टाकतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मं टेन्शन तिथेच गेलं असतं.

ए-२०३: फिजिओ सुरू केलंय पण आज भलतंच, पाय मोकळा वाटतोय आणि कंबर जास्त ठणकतेय. बंद करू?

बी-३०२: अहो ही तर चांगली खूण! पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कंबरेत अशी वर वर सरकत गेली की समजायचं सुधारतंय. उलट व्यायामानंतर ती खाली पायात उतरायला लागली तर थांबायचं आणि फिजिओला सांगायचं. माझी फिजिओ रोज पहिला प्रश्न हाच विचारायची, "आज कुठपर्यंत?" आणि मी पायावर बोट ठेवून दाखवायचो. मला पालथं झोपून कोपरांवर उठायचा व्यायाम लागू पडला, पण काहींचं मागे वाकल्यावर वाढतं, त्यामुळे व्हिडिओ बघून नका करू.

डी-१०४: गोळी कुठली घेतली ती टाका ना इथे

बी-३०२: नाही टाकणार 😄 दुखण्याच्या गोळ्या किडनी, बीपी, ॲसिडिटी सगळं बघून देतात. मला नसेच्या कळेसाठी प्रीगॅबालिन होती, सुरुवातीला इतकी गुंगी यायची की गाडी चालवणंच सोडलं, आणि बरं वाटलं म्हणून ती आपल्या मनाने एकदम बंद करायची नसते. गोळीने कळ कमी झाली की व्यायाम जमतो, माझ्या मते तिचं काम तेवढंच.

ए-२०३: आणि बेल्ट?

बी-३०२: डॉक्टरांनी सांगितलं तर थोडा वेळ, दिवसभर नको. त्यापेक्षा उठायची पद्धत बदला. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटा देऊन उठा.

ई-४०१: एक राहिलं. लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना, पायातली चप्पल आपोआप निसटायला लागली तर इथे विचारत बसू नका. रात्र असो काही असो, थेट हॉस्पिटल.

ए-२०३: लक्षात ठेवतो, आत्तातरी तसं काही नाही 🙏

सी-५०१: बरं मग दिरांना फोन करते, ते परवापासून परत आडवेच आहेत.